होडी-बाग

वैजू रात्रपाळीहून येते सकाळी नऊला,
पायरीवरच बूट काढते
आणि आमचं घर मिटून जातं लाजाळूसारखं.
मग गोदा आणि मी बाहेर.
गोदा : दोन वर्षांना तीन आठवडे कमी.
मी : सदतीस, डावा गुडघा दुखरा.
शेफील्ड : नुसते चढ.
उतार असतात, पण आपल्याला जायचं नसतं तिकडे.

जवळच्या बागेतला झोपाळा काढून नेलाय दुरुस्तीला.
साखळ्या नाहीत, नुसती लोखंडी कमान.
फाशीच्या खांबासारखी, मी म्हणणार होतो,
तेवढ्यात गोदा म्हणाली "दार"
आणि दहा वेळा आतबाहेर करून आली.

तेव्हापासून आम्ही बागा शोधतोय.
मिळेल त्या बसने, शेवटच्या थांब्याच्या एक अलीकडे.
उतरताना ती ड्रायव्हरला म्हणते "ता",
अगदी इथल्या म्हाताऱ्या बायकांसारखं.
मी अजून "थँक यू व्हेरी मच"वरच अडकलेला.

पिशवीत केळं, दोन डायपर
आणि कॉलेजच्या कबड्डी संघाचा टी-शर्ट, पाठीवर सात नंबर,
त्याने मी पुसत असतो यॉर्कशरच्या ओल्या घसरगुंड्या.
याच शर्टात एकदा तिघांना बाद करून मध्यरेषा गाठली होती.
आता पिळला की निघतं
काळं पाणी आणि पानांचा चुरा.

वहीत लिहून ठेवतो :
चर्चमागची. फाटक नीट लागतं. वाळूत मांजराची घाण.
टेकडीवरची. रिकामा झोपाळा आपला आपणच हलतो. संडास बंद.
शाळेजवळची. तीननंतर जाऊ नये.

गोदाच्या डोक्यात यांचीच नावं वेगळी.
भूभू-बाग. कुईकुई-बाग. आजोबा-पडले-बाग.
आजोबा लगेच उठले होते, हसलेही,
ते तिच्या हिशेबात नाही.

आणि होडी-बाग.
तीच हवी असते. रोज. एक बूट पायात असतानाच.
"बाबा, होडी."
मी वही चाळतो. होडी कुठेच नाही.

दोन बस बदलून नेलं तिला एका बागेत,
तिथे लाकडी जहाज होतं, शीड, फिरणारं सुकाणू, सगळं.
तिने त्याच्याकडे बघितलं,
माझी आत्या विकतच्या पुरणपोळीकडे बघते तसं.
"ही नाय."

तळ्याकाठची पाहिली. खरी बदकं,
काठावर पालथी घातलेली खरी होडी.
ही नाय.

परवा मंगळवारी बस चुकली. पुढची चाळीस मिनिटांनी.
पाऊस असा, की पडताना दिसत नाही,
फक्त चष्मा सांगतो.
टायरच्या दुकानाशी उभे होतो
आणि गोदा माझं बोट सोडून धावली, "होडी! होडी!"

कुंपणाला टेकून आंघोळीचा एक टब.
बिडाचा, मुलामा उडालेला, नळ उपटलेला.
कुणीतरी माती घालून फुलं लावायचं ठरवलं असेल,
अर्धी माती घातली आणि विसरलं.

मग आठवलं. मार्च महिना, अशीच चुकलेली बस.
मी तिला त्यात उभं केलं होतं
रस्त्यावर धावू नये म्हणून,
आणि स्वतः फोनमध्ये शोधत होतो
जवळपास चांगली बाग कुठे आहे.

दुकानातून डेरेक बाहेर आला, हात ग्रीसने माखलेले.
टब पलीकडच्या बाईंचा, म्हणाला,
पाच वर्षं झाली, उद्या नेते म्हणतात.
मग गोदाकडे वळून, गंभीरपणे,
कुठे निघालात कॅप्टन?

गोदाने त्याला उत्तर दिलं नाही. कामात होती.
एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं.
"बाबा, बश."

बसलो. गुडघे कानांशी,
मातीचा गारवा पँटमधून वर,
सात नंबर दोघांच्या डोक्यांवर छप्पर.

बस आली. दार उघडलं.
ड्रायव्हर बघत राहिला आमच्याकडे,
बराच वेळ, बसवाल्याच्या मानाने.
गोदाने हात हलवला.
"ता."